सोमाजीची झेंडी

पडद्यावर दोन्ही बैलजोड्या अर्ध्या मैदानात आल्या आणि कॉम्प्युटर फटकन बंद होऊन पुन्हा आपोआप सुरू झाला. तिसऱ्यांदा! खोलीत दाटीवाटीनं बसलेली माणसं आधी हळहळली, मग कुजबुजली. कैलाशच्या हातातला माऊस घामानं निसटू लागला.

सिहोऱ्याकडच्या त्या गावात शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, शेवटच्या रेषेवर उभं राहायचा मान कैलाशच्या बापाचा, सोमाजीचा. पुढं निघालेल्या जोडीच्या बाजूला तो झेंडी पाडायचा आणि झेंडी पडली की विषय संपला. कितीही मोठा माणूस हरू दे, सोमाजीच्या झेंडीपुढं कोणी ब्र काढत नसे. यंदा घनश्यामनं काढला. हा शेजारच्या गावचा, जिभेचा तिखट, पण खोटं बोलणारा नव्हे, हीच तर खरी पंचाईत होती. त्याचं म्हणणं, त्याची पांढरी जोडी चांगली हातभर पुढं होती आणि सोमाजीनं झेंडी भलतीकडेच, तांबड्या जोडीच्या बाजूला पाडली.

कैलाश लग्नांचं शूटिंग करायचा, पटाचंही त्यानंच केलं होतं. मग ठरलं, सगळ्यांनी सोमाजीच्या घरी बसून व्हिडिओ बघायचा. झेंडी चुकीची निघाली तर पुन्हा हातात धरणार नाही, असं सोमाजी चारचौघांत बोलून बसला होता. कॅमेऱ्यातल्या पटाच्या टेपवर कैलाशनं दुसऱ्याच दिवशी एका बारशाचं शूटिंग चढवलं, त्यामुळे पट उरला तो फक्त कॉम्प्युटरमध्ये. शेवटचा भाग त्यानं स्वतःही पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर त्याची छातीच झाली नव्हती.

कोणीतरी म्हणालं, लाइट कमीजास्त होत असेल. पण डोक्यावरचा बल्ब स्थिर जळत होता. कैलाशनं प्लग हलवून पाहिले, वायरी घट्ट केल्या. दुसरा म्हणाला, सरळ शेवटच लाव ना बाबा. कैलाशनं व्हिडिओ पुढं ओढला, तर मशीन आधीपेक्षाही लवकर बसलं. आता मात्र मागून हसण्याचा आवाज आला.

"मशीनले बी मालकाची माया आहे," घनश्याम म्हणाला. "रेषा जवळ आली का आपोआप बंद."

कैलाशची कानशिलं तापली. त्यानं पुन्हा पहिल्यापासून लावलं. सोमाजी सगळ्यांच्या पुढं, पडद्यापासून हातभर अंतरावर बसला होता, मान वाकडी करून स्पीकरकडे कान लावून. तो फक्त आवाज वाढवायला सांगत होता. पडद्यावर पांढरी जोडी मैदानात येत होती. गळ्यात घुंगरं काहून नाहीत, असं कोणीतरी घनश्यामला विचारलं. यंदा काढून टाकली, तो म्हणाला, नवा गोऱ्हा आवाजानं बुजते.

"काढले?" सोमाजीनं विचारलं. आणि स्पीकरकडे वळलेली त्याची मान सरळ झाली.

पाचव्यांदा मशीन बसलं तेव्हा कैलाशचा हात कॉम्प्युटरच्या डब्यावर टेकला आणि चटका बसल्यासारखा मागं आला. केवढा गरम! त्याच्या आईनं, पुष्पाबाईनं, त्या डब्याला जुन्या लुगड्याचं कव्हर शिवलं होतं, चांगलं झालरबिलर लावून. घराला लागूनच धानाची गिरणी, दिवसभर कोंडा उडायचा. माउलीनं पुढचं बटण तेवढं उघडं ठेवलं होतं आणि मागचा पंखा पार झाकून टाकला होता. साधं काम असलं की मशीन कसंबसं तग धरायचं. व्हिडिओ लावला की तापायचं आणि तापलं की स्वतःच बंद व्हायचं.

कैलाशला सगळं कळलं आणि त्याच क्षणी दुसरंही एक कळलं. हे कव्हर असंच राहू दिलं तर शेवट कधीच दिसणार नाही. माणसं कंटाळून घरी जातील, चार दिवस बोलतील आणि बापाची झेंडी बापाच्याच हातात राहील. त्यानं हात पुन्हा कव्हरवर ठेवला, पण कव्हर काढलं नाही. बिघाड मोठा आहे, तुमसरला दुरुस्तीला न्यावं लागेल, एवढंच तर म्हणायचं होतं.

"काय सापडलं?" सोमाजीनं विचारलं.

"काही नाही, बाबा."

"सापडलं तुले. तुह्या आवाजावरून समजते मले. खोल ते."

कैलाशनं कव्हर ओढून काढलं, बाजूचा पत्रा उघडला. आतल्या पंख्यावर कोंड्याचा असा थर बसला होता की पाती दिसेनात. त्यानं ब्रशनं खरवडलं, सायकलच्या पंपानं हवा मारली, टेबलफॅन उचलून उघड्या डब्यासमोर ठेवला. पुष्पाबाई दारात उभी राहून आपलं फेकलेलं कव्हर बघत होती. मशीन निवेपर्यंत कोणी जागचं हललं नाही.

मग व्हिडिओ लागला. अर्धं मैदान गेलं. कैलाशनं श्वास धरला. मशीन चालूच राहिलं. तांबडी जोडी घुंगरं खणखणवत आली, तिच्या शेजारून पांढरी मुकाट्यानं आली आणि पांढरीनं रेषा ओलांडली. चांगली हातभर आधी. झेंडी तांबडीकडं पडली.

 कैलाशनं व्हिडिओ थांबवला.

"संपलं का?" सोमाजीनं विचारलं. "कोण पुढं होतं? सांग ना."

पडदा त्याच्या नाकासमोर होता. माणसं एकमेकांकडं बघू लागली.  बाप आवाज वाढवायला का सांगत होता, ते आत्ता कैलाशच्या डोक्यात शिरलं.

"पांढरी होती, बाबा," तो म्हणाला. 

सोमाजीनं मान हलवली. "दोन साल झाले, डोळ्यापुढं सारं धुकंच आहे. घुंगराच्या आवाजावर झेंडी पाडत होतो. चुकलो नाही कधी. यंदा तुह्या बैलाले घुंगरंच नव्हती, घनश्याम."

तो उठला. खुंटीवरची झेंडी चाचपून काढली, दांडी पुसली आणि घनश्यामला द्यायला हात लांब करून पुढं धरली. ती त्यानं दाराकडं धरली होती. घनश्याम उभा होता खिडकीजवळ. कोणी काही म्हणायच्या आत घनश्याम हळूच सरकत दारापाशी गेला, तिथं उभा राहिला आणि दोन्ही हातांनी त्यानं झेंडी घेतली.