उसनं सिस्टीन

अहिल्याने प्लेट खिडकीच्या उजेडात धरली आणि लॅबमध्ये चिटपाखरू नसताना मोठ्याने म्हणाली, "अगंबाई, उगवले की!"

उगवलं होतं काय, तर पांढरे ठिपके. मोहरीएवढेसुद्धा नाहीत. पण त्यांच्यापायी या बाईने स्टेट कॉलेज नावाच्या बर्फाळ गावात चार हिवाळे काढले होते. तिचे जिवाणू मुळातच अधू. सिस्टीन नावाचं गंधकवालं अमिनो आम्ल सगळ्यांनाच लागतं. यांना ते स्वतःचं स्वतः बनवता येत नव्हतं. सिस्टीनच्या आधी त्याचा कच्चा माल तयार व्हावा लागतो, आणि तो करणारं एन्झाइमच यांच्यात नव्हतं. आयतं सिस्टीन वाढलं तर जगायचे, नाही तर उपाशी मरायचे. अहिल्याने त्यांच्यात कांद्याचं जीन घातलं होतं. कांद्याकडे ते एन्झाइम असतंच. गंधकाचाच सगळा कारभार, उगाच नाही तो चिरताना रडवत! बिनसिस्टीनच्या प्लेटवर जिवाणू वाढले, की कांद्याचं एन्झाइम चाललं आणि हिची पीएचडी हातात आली.

"कांद्यावर पीएचडी?" सासूबाई अकोल्याहून फोनवर विचारायच्या. "भज्यांवर नाही का गं मिळत?"

पीएचडी झाली की जर्सी सिटी. तिथे नवरा होता, प्रसन्न. एका बँकेच्या कॉम्प्युटरवर काम करायचा, ट्रेनने मॅनहॅटनला जा-ये करायचा. लग्नाला तिसरं वर्ष लागलं तरी संसार चालला होता बसच्या तिकिटांवर. दर फोनला त्याचा एकच प्रश्न, "कधी संपणार यार तुझं?" हा प्रश्न तिला फार आवडायचा. कुणीतरी वाट बघतंय, एवढ्या एका गोष्टीवर ती दिवस ढकलत होती. रूममेटशी बोलणं म्हणजे दुधाच्या कॅनवर आपापलं नाव लिहिण्यापुरतं. रविवारी कधी कधी संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही.

म्हणून तर घाई झाली. असे ठिपके दिसले की एकेक उचलून नव्या बिनसिस्टीनच्या प्लेटवर एकटा वाढवून बघायचा आणि मगच तोंड उघडायचं, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. पण माणूस इतकं एकटं असलं की चांगली बातमी पोटात राहत नाही. तिने फोन लावला.

"झालं रे! मे महिन्यात येते मी. कायमची!"

"काय सांगतेस!" प्रसन्न म्हणाला. मग जरा थांबून, "ग्रेट. ग्रेट यार."

त्यानंतर तिने ठिपके एकेकटे लावले. एकही वाढला नाही.

तिने जुनी प्लेट पुन्हा बघितली आणि कपाळावर हात मारला. ठिपक्यांच्या मधोमध एक पिवळट चकचकीत कॉलनी, म्हणजे जंतूंचा पुंजका, होता. हवेतून येऊन पडलेला कुठला तरी भटका जंतू. पहिल्या दिवशीही तिला ती दिसली होती, पण आनंदाच्या भरात कोण बघतंय? तो जंतू स्वतःचं सिस्टीन बनवत होता, थोडं बाहेर सांडत होता, आणि हिचे अधू जिवाणू त्याच्याभोवती कोंडाळं करून त्या सांडलेल्यावर जगत होते. कांद्याच्या जीनने काडीचंही काम केलं नव्हतं.

"तपासलंस हे बरं केलंस," तिच्या गाईडबाई शांतपणे म्हणाल्या. "आता पुन्हा पहिल्यापासून." म्हणजे आणखी एक वर्ष. निदान.

हे फोनवर कुठल्या तोंडाने सांगणार? तिने सुट्टी काढली, आठवड्याचे कपडे बॅगेत कोंबले आणि बस पकडली. वाटभर तिने भांडणाची तयारी केली. तो चिडणार, आदळआपट करणार, "गेली खड्ड्यात ती पीएचडी, सोडून ये!" म्हणणार. खरं सांगायचं तर तिला तेच ऐकायचं होतं. ती सोडणार मुळीच नव्हती. पण त्याने म्हणायला हवं होतं.

जर्सी सिटीला पोचून तिने पिठलं-भात केला. दोघं सोफ्यावर ताटं घेऊन बसली, आणि पहिल्याच घासाला तिने सांगून टाकलं.

"ते सगळं खोटं निघालं रे. अजून वर्षभर तरी नाही जमणार मला यायला."

प्रसन्नने आणखी पिठलं वाढून घेतलं.

"मग त्यात काय एवढं? टेक युअर टाइम. घाई नको करूस."

"राग नाही आला तुला?"

"राग कसला? रिसर्च म्हटल्यावर व्हायचंच." तो हसला. छान मोकळा हसला, गेल्या कित्येक फोनांत हसला नव्हता तसा. "आणि खरं म्हणजे घर लहानच आहे गं हे. मलाही आता एकट्याचं रूटीन बसलंय."

किती सहज बोलून गेला मेला! वाईट नव्हता हो तो. दारू नाही, भानगड नाही, फक्त त्याला आता कुणी नको होतं, आणि ते त्याचं त्यालाही धड कळलं नव्हतं. अहिल्याला मात्र लख्ख कळलं. चार हिवाळ्यांत वाटलं नव्हतं इतकं एकटं तिला त्याच्या शेजारी बसून वाटलं.

"परतीची बस कधीची?" प्रसन्नने विचारलं.

"उद्या सकाळची," ती म्हणाली. आठवड्याच्या कपड्यांची बॅग अजून दाराशीच होती.

"मग मी येतो ना सोडायला," तो लगेच म्हणाला.