फोटोमागचा शेरा

चंद्रशेखर प्रधानांचं अक्षर छापल्यासारखं होतं आणि त्याचा त्यांना गर्वही होता. १९९४ साली शारजातल्या एका मालवाहू विमान कंपनीत पायलटांचे अर्ज चाळायचं काम त्यांच्याकडे होतं. लेबनीज मॅनेजर जमालसाहेबांनी मोडक्या हिंदीत सांगितलं होतं, "लायसन्स देखो, फ्लाइंग अवर्स देखो, खलास." पण चंद्रशेखर पडले अतिशहाणे. साहेबाच्या मनातलं साहेबाच्या आधी ओळखायची त्यांना भारी हौस. अर्जाला टाचलेल्या फोटोमागे ते पेन्सिलीने मराठीत शेरा लिहीत. ऑफिसात मराठी वाचणारं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे हात मोकळा चालायचा. नाकारलेले अर्ज फोटोसकट पोस्टाने परत जात. शेरा खोडायचं मात्र त्यांना कधी सुचलं नाही.

नऊ वर्षं गेली. बर दुबईतल्या त्यांच्या घरी शुक्रवारी दुपारी कॅप्टन साजिदा जेवायला आल्या. मूळच्या मोंबासाच्या, उंच, काळ्याभोर, आणि दुबईहून उडणाऱ्या एका मोठ्या कंपनीतल्या पहिल्या आफ्रिकन बाई कॅप्टन. काही महिन्यांपूर्वी चंद्रशेखरांच्या लेकीच्या शाळेत त्या भाषणाला आल्या होत्या आणि सोळा वर्षांच्या शुभ्राने पायलट व्हायचं ठरवून टाकलं. आज त्या तिला ट्रेनिंगसाठी शिफारसपत्र देणार होत्या.

"बाबा, प्लीज बी नॉर्मल," शुभ्राने सकाळपासून तीनदा बजावलं होतं.

ही शुभ्रा रंगाने बापावर गेलेली, चांगली सावळी. सातवीत एका मुलीने तिला रंगावरून चिडवलं, तेव्हा चंद्रशेखर तरातरा शाळेत गेले होते आणि लेखी माफीनामा घेऊनच परतले होते. ती गोष्ट ते येईल त्याला ऐकवत. आज साजिदाबाईंनाही ऐकवली. त्यांनी मन लावून ऐकली आणि म्हणाल्या, "हिचं नशीब चांगलं. माझ्या बाजूने असं कोणी गेलं नाही."

चंद्रशेखरांच्या पत्नी गिरिजाबाईंनी दुसरी पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार सोडली. ती संपवून साजिदाबाईंनी हात धुतले आणि पर्समधून एक जुना फोटो काढला. बोलत होत्या इंग्रजीत, पण सावकाश, गिरिजाबाईंनाही समजावं म्हणून.

"माझा पहिला अर्ज शारजाहून परत आला, त्याच्यावरचा हा फोटो. नंतर तीन वर्षं कोणी दारात उभं केलं नाही. मागे तुमच्या लिपीत काहीतरी लिहिलंय. अंदाज आहे मला, म्हणून कोणाला विचारायचा धीर झाला नाही. तुमच्या घरी विचारावंसं वाटलं."

चंद्रशेखरांनी फोटो हातात घेतला. चेहरा त्यांना आठवला नाही. अक्षर मात्र तत्क्षणी ओळखलं. बाई. काळी. नको.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. खरं सांगावं तर पोरीचं पत्र जाणार, आणि पोरीच्या नजरेतून आपणही जाणार.

"लिहिलंय की... जागा नाही. नंतर कळवू," ते म्हणाले.

"एवढंच?" साजिदाबाई हसल्या. खांदे सैल झाले त्यांचे. "आणि मी नऊ वर्षं काय काय समजत होते."

ते हसणं चंद्रशेखरांना बघवेना. तेवढ्यात शुभ्राने फोटो ओढून घेतला. दर शुक्रवारी सकाळी मराठीच्या वर्गाला तिला त्यांनीच हट्टाने धाडलं होतं, घरी स्वतःच्या हाताने कित्ते घालून दिले होते. ओठ हलवत तिने तीन शब्द वाचले. मग परत वाचले.

एरवी इंग्रजीत उत्तरं देणारी पोर मराठीत म्हणाली, "बाबा, हे तुमचं अक्षर आहे."

गिरिजाबाईंचा वाढायचा हात थांबला. चंद्रशेखरांनी मान खाली घातली आणि ते तीन शब्द एकेक करून इंग्रजीत सांगितले. शेवटी म्हणाले, "मी लिहिलं."

साजिदाबाईंनी शुभ्राच्या हातातून फोटो परत घेतला. मग पर्समधून शिफारसपत्र काढून त्यांनी शुभ्राच्या ताटाशी ठेवलं. "यात तुझा काही दोष नाही," तिला म्हणाल्या आणि चंद्रशेखरांकडे वळल्या. "मॅनेजरचा हुकूम होता का?"

हो म्हणणं सोपं होतं. जमालसाहेब कधीच बेरूतला परत गेले होते. शुभ्रा बापाकडे बघत होती. हो म्हणा, असंच जणू तिचे डोळे सांगत होते.

"नाही," चंद्रशेखर म्हणाले. "मला कोणीच सांगितलं नव्हतं."