कल्हई

अवसरी बुद्रुकला सोमनाथची कोंबड्यांची शेड होती. दर खेपेला पिल्लं यायची आणि पांढऱ्या हगवणीनं माना टाकायची. पाण्यात औषधाची पूड कालवून कालवून तो थकला, पण गुण येईना.

"जंतू औषधाला सरावलेत," जनावरांचे डॉक्टर म्हणाले. "आंबट ताक पाजून बघा. त्यातले चांगले जंतू पोटात ठाण मांडून बसले, की वाईटांना जागा उरत नाही."

सोमनाथ हसला. त्याची आई पारूबाई मात्र हसली नाही. तिनं मडक्यांत विरजण लावलं, पिल्लांच्या पाण्यात ताक मिसळलं आणि ती खेप तरली.

"आये, डॉक्टरीणबाई झालीस की गं!"

"मंग फी काढ माझी," ती म्हणाली.

तेव्हापासून शेडमध्ये तिचा शब्द चालू लागला. म्हातारपणी लेक आपल्याला विचारून काही करतो, याचं तिला लई अप्रूप.

पुढची पिल्लं आली तेव्हा ती डिंभ्याला लेकीकडं गेली होती. परतीची एसटी आलीच नाही, मुक्काम पडला. इकडं मडकी पुरेनात. सून प्रतीक्षा नवी, हौसेची पोर. तिनं माहेरचा पितळी हंडा काढला, चिंच आणि राख लावून आतून-बाहेरून घासघासून लखलखीत केला आणि रात्रभर त्यात ताक ठेवलं. सकाळी तेच पिल्लांना पाजलं.

पारूबाई दुसऱ्या दिवशी घरी पोचली, तर सोमनाथ मेलेली पिल्लं पाटीनं खड्ड्यात ओतत होता.

"तुझ्या ताकानं मारली!" तो ओरडला.

ती हंड्यापाशी गेली. तळाशी उरलेल्या ताकात बोट बुडवून जिभेला लावलं. तोंड कडू झालं. ताक कळकलं होतं. आतली कल्हई घासण्यात निघून गेली होती आणि उघडं पितळ ताकात उतरलं होतं.

प्रतीक्षा दाराला धरून उभी होती. दिवस गेलेले, तोंड उतरलेलं.

"आत्या, माझं काय चुकलं का वं?"

चिंचेनं सोललेली तिची बोटं पारूबाईनं पाहिली.

"न्हाई गं बाई. ताकच लई आंबलं व्हतं."

काही दिवसांनी तिनं लेकाला विचारून पाहिलं, "मडक्यात परत लावू का रं?"

"नगं आये. पुरं झालं तुझं ताक."

शेडमध्ये पुन्हा पूड आली. मागोमाग पांढरी हगवणही आली. मेलेल्या पिल्लांची पाटी पारूबाई डोक्यावर घेत होती, तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली, "कल्हईऽऽ!"

"आत्या, माझा हंडा देऊ का त्याला?" प्रतीक्षानं आतून विचारलं.

कल्हईवाला हंड्यात नुसतं डोकावला असता, तरी सारं बोलून गेला असता.

"राहू दे," पारूबाई म्हणाली. "माळ्यावर टाक. त्यात काय ठिवत नको जाऊ."

आणि ती पाटी घेऊन खड्ड्याकडं निघाली.