माझे गरीब सासरे

बाबांनी मला बजावून सांगितलं होतं: माझ्या तेरवीला जेवणावळ घालू नका, घरातल्या घरात वरणभात करा. मी हो म्हटलं होतं. ते गेल्यावर शोभाआत्याही कुरकुरत का होईना, तयार झाली. तेवढ्यात घरच्या ग्रुपवर इनेसचा निरोप आला.

इनेस म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, विक्रमची बायको. दोघं स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियात राहतात; त्यांना येणं जमलं नव्हतं. निरोप स्पॅनिशमध्ये होता. आत्यानं भाषांतराचं बटण दाबलं आणि भेटायला आलेल्या बायकांसमोर मोठ्यानं वाचलं, "माझे गरीब सासरे."



"गरीब म्हणून राहिली आनंददादाले?" आत्या म्हणाली. "काहून? दोन मजली घर दिसलं नाही तिले?"

विक्रमच्या लग्नाच्या वेळी मी थोडी स्पॅनिश शिकले होते. पुस्तकं वाचणाऱ्यांना वाटतं, शब्दाचा अर्थ सांगितला की भांडण मिटतं.

"आत्या, पोब्रे हे विशेषण नामानंतर आलं तर गरीब, आधी आलं तर बिचारा. तिनं आधी लिहिलंय. तिला वाईट वाटतंय, एवढंच."

आत्यानं चष्मा काढला.

"बेचारा? गरीब म्हटलं असतं तं सोडून देलं असतं वं. पैसा काय, आज आहे, उद्या नाही. पण बेचारा? कोणाच्या दारात गेला होता का तो? चालता-बोलता गेला माझा भाऊ. असं मरण राजाले भेटत नाही!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. जो येई तो हेच म्हणे, भाग्यवान. मी पोचले तेव्हा बाबा स्वयंपाकघराच्या फरशीवर होते आणि गॅसवर चहाचं भांडं करपून काळं झालं होतं. किती वेळ ते तसे पडून होते, कोणालाच माहीत नाही. त्यांची कीव करणारं एकच माणूस निघालं, तेही व्हॅलेन्सियात.

"बाबांनी जेवणावळ नको म्हटलं होतं," मी एवढंच म्हणाले.

"त्याले काय माहीत, सून असं लिहील म्हणून!" आत्यानं तिथूनच केटररला फोन लावला. वडाभात, पाटोडी, बुंदी. वर एक फोटोवाला. "स्पेनले पाठवू. दिसू दे तिले."

तेरवीला हॉल भरला. शेजारच्या सिंधूताई मला म्हणाल्या, "आनंदराव असते तर किती खूश झाले असते!"

"हो ना," मी म्हणाले.

शेवटच्या पंगतीत आत्या माझ्या शेजारी बसली. तिनं एक घास हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज न करता. मी तिच्या पाठीवर हात ठेवणार, तेवढ्यात फोटोवाला आमच्या पंगतीकडे वळला. तिनं पदरानं डोळे पुसले.

"सरळ बस वं," ती म्हणाली. "आणि खा काहीतरी."

मी सरळ बसले. बुंदी उत्तम झाली होती. वाढप्याला थांबवून मी आणखी घेतली.