एकच बैठक

उदय आठल्ये यांना जमिनीवर बसता येत असे. अडचण होती ती उठण्याची.

गेल्या वर्षी मराठी मंडळाच्या दिवाळी पहाटेला त्यांनी दोन तास मांडी घालून तबल्याची साथ केली. भैरवी संपली, टाळ्या झाल्या, गायिका मंजूषाताई उठल्या, पेटीवाले उठले आणि आठल्ये बसूनच राहिले. लोकांना आधी वाटलं, सुरांत तल्लीन झालेत. मग मंडळाचे सचिव वसंतराव आणि आणखी एक सभासद यांनी दोन्ही बगलांत हात घालून त्यांना उभं केलं. नेमक्या त्या क्षणाचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर गेला. खाली कोणीतरी प्रेमाने लिहिलं होतं, 'आपला आधारस्तंभ'.

यंदा जुलैतच वसंतरावांचा फोन आला.

"आठल्ये, या वेळी तुमच्यासाठी खुर्ची ठेवू म्हणतो. तबला-डग्गा स्टुलावर. काही वाईट दिसत नाही हो."

"वसंतराव, तबला मांडी घालून वाजवतात. स्टुलावर बसून पावत्या फाडतात."

"अहो, पण उठताना तुम्ही..."

"उठेन. माझा मी उठेन. नाही उठलो, तर पुढच्या वर्षीपासून तुमची खुर्ची. लिहून घ्या."

वसंतराव बँकेतून निवृत्त झालेले होते. त्यांनी खरोखरच लिहून घेतलं. कार्यकारिणीच्या सभेत ते वाचून दाखवण्यात आलं आणि एकमताने मंजूरही झालं. म्हणजे आता माघार घेण्याची सोय उरली नाही.

आठल्ये छप्पन्न वर्षांचे होते. सरकारी कंपनीत इंजिनिअर होते आणि सहा वर्षांपूर्वी पुण्याहून बदली होऊन भोपाळला आले होते. कोलार रोडवरच्या त्यांच्या सोसायटीपासून चार पावलांवर, टाइल्सच्या दुकानाच्या वर एक जिम होती. ती त्यांनी लावली. तिथला ट्रेनर मिलिंद. जन्म भोपाळचा, आजोळ ग्वाल्हेरचं. तो मराठीत वाक्य सुरू करी आणि हिंदीत सोडून देई, किंवा उलट.

"काका, चार-चार सेट मारून काय होतं? जिममध्ये गर्दी होते," मिलिंद म्हणाला. "आपण आठवड्यातून दोनदाच. एकेका व्यायामाचा एकच सेट. पण वजन तगडं आणि एकदम हळू. आणि असा करायचा, की त्यानंतर दुसरा करायची हिंमतच नाही उरली पाहिजे. फेल होईपर्यंत, समझे?"

"फेल?" आठल्ये म्हणाले. "आमच्या घरात कोणी फेल झालेलं नाही."

"तोच तर प्रॉब्लेम आहे नं, काका."

पद्धत आठल्यांना मनापासून पटली. वीस मिनिटांत सगळं आटोपतं, मधले दिवस विश्रांतीचे, आणि ती विश्रांतीसुद्धा व्यायामातच धरतात. आयुष्यभर जी गोष्ट ते चोरून करत आले होते, तिला आता शास्त्राचा पाठिंबा मिळाला होता. आठवड्याला चाळीस मिनिटं व्यायाम आणि उरलेला सगळा वेळ स्नायूंची वाढ.

तोटे हळूहळू लक्षात आले. पहिला तोटा त्यांच्या पत्नीला, नलिनीताईंना झाला. सात ते साडेआठ घर आपलं, पेपर आपला, चहा आपल्या चवीचा, असा त्यांनी हिशेब केला होता. सात वाजून पंचवीस मिनिटांनी बेल वाजली.

"का हो? बंद होती का जिम?"

"झाला व्यायाम."

"काय सांगता! माझं अजून पहिलं पान व्हायचंय."

दुसरा तोटा प्रतिष्ठेचा. समोरच्या फ्लॅटमधले विजय पाठक रोज दोन तास जिममध्ये असत. गळ्यात टॉवेल टाकून ते असे निथळत परत येत, की कोणालाही पुरावा मागावासा वाटत नसे. आठल्ये कोरडे परत येत. लिफ्टमध्ये पाठक त्यांना "आज सुट्टी वाटतं?" असं विचारत, आणि एका सेटचं शास्त्र समजावून सांगेपर्यंत तिसरा मजला येई.

तिसरा तोटा फक्त आठल्यांना ठाऊक होता. या पद्धतीचा सगळा डोलारा त्या शेवटच्या खेपेवर उभा होता, जिथे पाय नाही म्हणतात. आणि तिथपर्यंत ते एकदाही गेले नव्हते. क्रेनवर पाच टन लिहिलेलं असेल, तर साडेतीनच्या वर उचलू द्यायचं नाही, यातच त्यांची आजवरची नोकरी झाली होती. बार खांद्यावर घेऊन सहा-सात बैठका झाल्या, की ते तोंड वेडंवाकडं करीत, घशातून एक आवाज काढीत आणि बार ठेवून देत. आवाज चांगला होता. मिलिंद फसत असे. चार महिने असे गेले. बारवरचं वजन पन्नास किलोपर्यंत चढलं, पण घरी चटईवर बसून उठायची वेळ आली, की हात आपोआप सोफ्याकडे जाई.

दिवाळी पहाटेला पाच दिवस राहिले होते. शेवटचा व्यायाम. मिलिंद मागे उभा राहून मराठीत सूचना देत होता. "हळू बस, काका. अजून बस. हां, आता उठ." ग्वाल्हेरच्या आजोळामुळे त्याला आज्ञार्थात आदर घालता येत नसे, आठल्यांनी ते कधीच माफ केलं होतं. सातवी बैठक झाली. आठल्ये वर आले, तोंड वेडंवाकडं करू लागले, आणि या वेळी त्यांचे गुडघे खरंच थरथरले. मिलिंदने ते पाहिलं आणि घाबरून ओरडला,

"बस, काका! बस, बस!"

आठल्ये बसले.

"अरे! बस म्हटलं नं मी!"

"बसलोय ना!" खालून आठल्यांचा आवाज आला. हा तयारीचा आवाज नव्हता.

"अहो, हिंदीतलं बस! म्हणजे पुरे!"

"मग पुरे म्हण की, गाढवा!"

आता बार खांद्यावर, आठल्ये खाली आणि दोघांच्या मधे राष्ट्रभाषा आणि मातृभाषा. बाजूच्या दांड्यांवर बार टेकवून सुटता आलं असतं. पण मिलिंदने बारखाली दोन बोटं धरली आणि म्हणाला, "मी उचलत नाहीये. उठा." आदर नेमका तेव्हा सुचला. आठल्ये उठू लागले. ते उठणं अर्धा तास चाललं असावं, असं त्यांना नंतर वाटत राहिलं. मांड्यांमध्ये कोणीतरी शेगडी पेटवली. अर्ध्यावर सगळं थांबलं. मग, का कोण जाणे, पुन्हा हललं. ते उभे राहिले, बार ठेवला आणि रबरी लादीवर आडवे झाले.

"अभिनंदन, काका," मिलिंद वाकून म्हणाला. "हा तुमचा पहिला सेट."

"आणि आधीचे चार महिने?"

"मला वाटलं, झाले होते. आवाज तर तुम्ही भारी काढत होतात."

पुढचे तीन दिवस आठल्ये जिना उलटे उतरले. खुर्चीत बसताना ते शेवटच्या वीतभर अंतरासाठी स्वतःला देवाच्या हवाली करीत. नलिनीताईंनी तेल चोळून दिलं आणि विचारलं, "वीस मिनिटांत एवढं होतं?"

"एका मिनिटात होतं," आठल्ये अभिमानाने म्हणाले.

पाचव्या दिवशी दुखणं गेलं होतं. त्याच्या जागी काय आलंय, हे पाहायचं होतं.

पहाटे सहाला हॉल भरला. थंडी होती, गुडघे कुरकुरत होते. आठल्ये सतरंजीवर बसले, तबला लावला आणि दोन तास छान वाजवलं. मंजूषाताईंची भैरवी संपली. वसंतराव पहिल्या रांगेतून उठून बाह्या सरसावतच निघाले. ते मंचाच्या पायरीपर्यंत आले तेव्हा आठल्ये उभे होते. हात कुठे टेकला नव्हता. स्वतःलाही कळलं नाही, असे ते उठले होते. तिसऱ्या रांगेत नलिनीताई एकट्याच टाळ्या वाजवत होत्या.

एवढ्यात दारात गाडी थांबली. चार इमलीच्या सरकारी बंगल्यांतून प्रमुख पाहुणे आले होते. मोठे अधिकारी होते, सहाचं बोलावणं होतं, सव्वाआठला आले होते. भैरवीनंतर काही गायचं नसतं, हे मंडळात सगळ्यांना माहीत होतं. साहेबांना माहीत नव्हतं, आणि त्यांना ते सांगणार कोण?

"मंजूषाताई, एक छोटासा अभंग," वसंतराव हात जोडून म्हणाले. "आठल्ये, प्लीज."

आठल्ये खाली बसले. अभंग झाला, साहेबांनी मान डोलावली, फोटो काढले आणि साहेब गेले. मंचावरचे लोक उठले. आठल्यांनी पायांना हुकूम सोडला. पायांकडून उत्तर आलं नाही. चार महिने त्यांनी एकाच गोष्टीची तयारी केली होती आणि ती एकदाच करायची होती. दुसऱ्या सेटची हिंमत उरू द्यायची नाही, हेच तर तत्त्व होतं.

वसंतराव पुन्हा पायरीशी आले. या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर दया होती.

"उचलू का हो?"

"कशाला? मला घाई नाही," आठल्ये म्हणाले. "फराळ इथेच आणा. आज बऱ्याच दिवसांनी निवांत आहे."

नलिनीताई दोन बश्या घेऊन आल्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि त्या शेजारी मांडी घालून बसल्या. चिवडा चांगला होता. ते पाहून मंजूषाताई परत आल्या, पेटीवाले आले, गेल्या वर्षी आठल्यांना उचलणारे सभासदही चहाचा कप घेऊन टेकले. नाव बदललेल्या हबीबगंज स्टेशनला आता काय म्हणायचं यावर वाद झाला, इंदूरची शेव श्रेष्ठ की उज्जैनची यावर दोन घरांतली बोलणी बंद होता होता वाचली. वसंतरावही अखेर बसले, आणि बसताना "आई गं" म्हणाले. पाऊण तास कसा गेला, कोणाला कळलं नाही. आठल्ये मधूनमधून मांड्यांच्या आत कान देत होते. तिथे हळूहळू माणसं परत येत होती.

मग टेंटवाला सतरंज्या गोळा करायला आला. "बाबूजी, उठना पड़ेगा," तो आठल्यांना म्हणाला. त्याच्या दृष्टीने हा काही मोठा प्रसंग नव्हता.

आठल्यांनी पाय आवळून घेतले, छाती पुढे काढली आणि उठले. हळू, पण एका दमात, हात न टेकता. वसंतराव त्या वेळी चकलीचा डबा बंद करत होते. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा डब्याकडे लक्ष दिलं. ही त्यांच्यापरीने दिलेली पावती होती.

आठल्यांनी तबला उचलायला हात पुढे केला, तर तो हात कोणीतरी खालून घट्ट पकडला.

"अहो," नलिनीताई दबक्या आवाजात म्हणाल्या, "आधी मला उठवा. माझे दोन्ही पाय गेलेत."