तोंड तुटलेला टेप

मी एक जुना, तोंड तुटलेला, लांब उडी मोजायचा पोलादी टेप आहे, मित्रांनो. सिंगापूरच्या एका कॉलेजात काचेच्या कपाटात पडून असतो.

माझे मालक पद्माकर सर, या कॉलेजचे पहिले स्पोर्ट्स ऑफिसर. ऑफिसर कसले! मैदानावर चुना तेच मारायचे, शिट्टी तेच फुंकायचे, बसमध्ये पोरंही तेच मोजायचे. एकदा गवत कापायच्या यंत्रानं माझे पहिले दहा सेंटिमीटर खाल्ले. गार केबिनमधल्या साहेबांनी नवा टेप काही दिला नाही. सरांनी माझ्या दहाच्या आकड्यावर लाल रंग लावला. तिथून मोजायचं, दहा वजा करायचे. तीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत. साधना नावाच्या पोरीची पाच मीटर एकवीसची रेकॉर्ड उडी अशीच मोजली. ती बिचारी आता नाही. नाव तेवढं रेकॉर्डच्या पाटीवर उरलंय.

सर रिटायर होऊन क्वीन्सटाउनच्या फ्लॅटात गेले, मी कपाटात. खाली 'हेरिटेज' अशी चिठ्ठी. फडकं मारायला मात्र कुणी नाही. लाल रंगही झडला.

मग सरांच्या जागी आला अभय मॅनेजर. मैदानावर कोट घालणारा माणूस! २०१४च्या स्पर्धेत त्याचं लेझरचं यंत्र बंद पडलं, तेव्हा त्याला मी आठवलो. माझं तुटकं तोंड न बघताच वाळूत खुपसलं आणि माइकवर सांगून मोकळा, जाई नावाच्या पोरीची उडी पाच सत्तावीस, नवा रेकॉर्ड. लगेच लाल रंगाचा डबा घेऊन माणूस पाटीपाशी. असल्याच्या हातात मी शाळेची पट्टीसुद्धा देणार नाही.

पाहुण्यांत बसलेले पद्माकर सर काठी टेकत आले. "अभयराव, टेपचं तोंड बघितलंत का?"

"सर, पाहुणे थांबलेत."

"थांबू देत. त्यांना उडी मारायची असेल तर तीही मोजू."

जाईच पुढे आली. "अंकल, मेजर अगेन ला." पुन्हा मोजा म्हणे, इथल्या सिंगापुरी इंग्रजीत.

सर गुडघ्यावर बसले. पाच सतरा. पोरीचं तोंड उतरलं, पण तिची एक उडी बाकी होती. जीव खाऊन धावली. सरांनी दोनदा मोजलं. पाच वीस.

अभय कानाशी लागला, "एकच सेंटिमीटर, सर. द्या की, बरोबरी तरी होईल."

"माझा असता तर दिला असता," सर म्हणाले. "तो साधनाचा आहे."

जाईनं माझ्यावरची वाळू ओढणीवरची झटकावी तशी हळू झटकली. साधनाचं नाव पुसायला आणलेल्या डब्यात बोट बुडवलं आणि माझा दहाचा आकडा पुन्हा लाल केला.

मित्रांनो, मला काचेत मिरवू नका. वापरा, पुसा. आणि माझा आकडा सांगायच्या आधी माझं तोंड तेवढं बघा.