दोन्ही रकान्यांतली पाहुणी

ऑफिसात त्याला सगळे टक्केसाहेब म्हणत. गरोदर बायकांना फ्लूची लस दिल्यावर पुढे काय झालं, याचे आकडे तपासणं हे त्याचं काम. आकड्यांपुढे नातीगोती चालत नाहीत, हा त्याचा तोरा. त्या दुपारी तो तोरा उतरला. चार वाजता त्याच्या गरोदर लेकीला लस घ्यायची होती आणि ती खुर्चीतून हलायला तयार नव्हती.

"शेजारच्या काकूंच्या भाचीनं लस घेतली, बाबा. आठवड्यात पोटातलं मूल गेलं."

"घेतली नसती तर राहिलं असतं, हे काकूंना कुणी सांगितलं?"

त्यानं कागदावर दोन रकाने आखले. "या लस घेतलेल्या, या न घेतलेल्या. सारख्या वयाच्या, सारखे महिने भरलेल्या. मूल गमावणाऱ्या दोन्हीकडे जवळपास तितक्याच. लस निर्दोष."

लेक कागदाकडे बघत राहिली. "मग कोण?"

"काय कोण?"

"लस नाही, तर दोन्हीकडे मूल नेतं कोण?"

असला प्रश्न त्याला वरच्या साहेबांनीही कधी विचारला नव्हता. ते फक्त सही कुठे करायची, तेवढं विचारत. त्या आकड्याला तो आजवर 'एरवीही घडणारं' म्हणत आला होता. आज पहिल्यांदा वाटलं, हे 'एरवी' म्हणजे एक बाई आहे. दोन्ही रकान्यांत सारख्याच न्यायानं फिरते. लस घेतलीस का, म्हणून विचारत नाही.

"ते आमच्या खात्यात येत नाही," तो म्हणाला आणि त्यानं तिसरा रकाना आखला. "या फ्लूनं आडव्या झालेल्या. इथं ती, मूल नेणारी, जास्त फेऱ्या मारते. तिच्या येण्याची सगळी दारं नाही लावता येत, बाळ. हे एक लावता येतं."

लेकीनं चपला घातल्या.

संध्याकाळी दंड चोळत ती घरात शिरली. "काकूंना सांगू नका हं, शोकसभा भरवतील," म्हणाली आणि हसत आत जाऊन पडली.

त्यानं कडी घातली. तेवढ्यात जिन्यावर कुणीतरी पाय ओढत आलं आणि दाराशी थांबलं. त्यानं दाराच्या भोकातून पाहिलं. कुणी नव्हतं. बाहेरचं पायपुसणं मात्र मधोमध दबलेलं होतं.

ती याच दारी येण्याची शक्यता किती कमी आहे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक! तरी तो कडीवर हात दाबून उभा राहिला.

मग पायपुसणं हळूहळू वर आलं. पावलं पुढचा जिना चढू लागली.

त्यानं श्वास सोडला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. उद्या ऑफिसात दुसऱ्या कुणाच्या तरी घरचा एक आकडा वाढलेला असणार होता. कुठल्या रकान्यात, एवढंच ठाऊक नव्हतं.